डेस्कटॉप दिसतो, पण काम सुरू होत नाही: स्टार्टअप प्रोग्रॅम्स बंद करण्याआधी काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांचा लॅपटॉप, विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप येतो, पण पुढची सात-आठ मिनिटं कशावरही क्लिक केलं तरी गोल चक्र फिरत राहतं. कुणीतरी सांगितलं म्हणून एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारी विंडोजमधलीच खिडकी) उघडून ‘डिसेबल ऑल’ केलं. त्यानंतर टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होईना, आवाजही गेला, आणि वेग मात्र होता तिथेच. आता क्लीनर सॉफ्टवेअर विकत घ्यावं, की सरळ नवा लॅपटॉप?

आधी जे बिघडलंय ते सरळ करू. एमएसकॉन्फिग पुन्हा उघडा, पहिल्याच ‘जनरल’ टॅबवर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडा, ओके करा आणि रीस्टार्ट करा. आवाज परत येईल, बहुतेक टचपॅडही. झालं असं, की विंडोज ८ पासून एमएसकॉन्फिगमधली स्टार्टअपची, म्हणजे लॉगिनबरोबर आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅम्सची, यादी टास्क मॅनेजरमध्ये (आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात) गेली. एमएसकॉन्फिगमध्ये आता उरल्या आहेत त्या सर्व्हिसेस, म्हणजे खिडकी न दाखवता मागे राहून काम करणारे प्रोग्रॅम. तिथे ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक न करता ‘डिसेबल ऑल’ दाबलं की विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद पडतात, आणि आवाज ही त्यातलीच एक. म्हणजे जे बंद करायचं होतं ते चालूच राहिलं आणि जे चालू राहायला हवं होतं ते बंद झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमचा हेतू बरोबर होता, सल्ला जुन्या विंडोजचा होता.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि त्यातल्या एकाच दुखण्याशी स्टार्टअप प्रोग्रॅम्सचा थेट संबंध असतो. मी एकोणीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मशीन हातात आलं की स्क्रू ड्रायव्हरच्या आधी मी मोबाइलवरचं स्टॉपवॉच काढतो. तुम्हीही तेच करा. पॉवर बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत किती वेळ जातो, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत किती, आणि डेस्कटॉप आल्यापासून ब्राउझर उघडून एक पान नीट दिसेपर्यंत किती. तीन आकडे कागदावर लिहा.

पहिला आकडा मोठा असेल, तर स्टार्टअपच्या यादीत कितीही बंद-चालू केलं तरी तो हलणार नाही, कारण ते प्रोग्रॅम्स तुम्ही लॉगिन केल्यानंतर जागे होतात. तिथे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), सर्व्हिसेस, डिस्क, क्वचित बायॉस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारं सॉफ्टवेअर) असे दोषी असतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायॉस टाइम’ असा आकडा दिसतो. विंडोजच्या हातात मशीन येण्याआधीच किती सेकंद गेले, ते तो सांगतो. तो दहा-पंधरा सेकंदांच्या आत असेल तर तिकडे बघायचं कारण नाही. दुसरा आकडा सहसा छोटाच असतो. तिसरा मोठा असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तोच मोठा आहे, तर स्टार्टअप प्रोग्रॅम्सवर संशय घ्यायला जागा आहे. आणि सकाळी सुरू करताना जितका जड तितकाच दुपारी चार वाजताही जड असेल, तर दुखणं वेगळं: रॅम अपुरी आहे, डिस्क खराब होत चालली आहे, किंवा पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापतोय आणि स्वतःचा वेग कमी करून घेतोय.

मोजताना एक गोष्ट सांभाळा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केलं की विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून ‘रोज बंद करतो’ म्हणणाऱ्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ कधीकधी वीस-वीस दिवसांचा दिसतो. तुलना करायची तर दरवेळी रीस्टार्ट करून मोजा, आणि अपडेट झाल्यानंतरची पहिली सुरुवात धरू नका. ती नेहमीच रेंगाळते.

आता त्या सात मिनिटांत आत नेमकं काय चालतं, ते बघू. मागे एक ताई त्यांचा ऑफिसच्या हिशोबांचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, अगदी तुमच्यासारखीच तक्रार. डेस्कटॉप आल्या आल्या मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. तो उघडायलाच पाऊण मिनिट लागलं. ‘डिस्क’च्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यांत जास्त वाचणारे वर आणले आणि दोघं बघत बसलो. प्रोसेसर वीस टक्के, रॅम साठ टक्के, डिस्क मात्र शंभर टक्के, लाल. वरच्या पाच-सहा ओळी सतत जागा बदलत होत्या: अँटिव्हायरस, क्लाउडचं सिंक, दोन मीटिंगची ॲप्स, प्रिंटरचं काहीतरी, ब्राउझर. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्कचा प्रत्यक्ष वेग पाहिला तर सेकंदाला जेमतेम दीड एमबी. हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग कॉपी करताना सेकंदाला ऐंशी-शंभर एमबी सहज देते.

शंभर टक्के व्यस्त आणि वेग दीड एमबी, हे कोडं उलगडलं की बाकी सगळं समजतं. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो तुकडा वाचायच्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी ते डोकं योग्य जागी सरकायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर ही डिस्क सेकंदाला साधारण साठ-सत्तरच वाचू शकते. एकच प्रोग्रॅम वाचत असेल तर त्याचं बरंचसं वाचन ओळीने होतं आणि काम भागतं. पण पंधरा प्रोग्रॅम एकाच क्षणी हजारो छोट्या फाइल्स मागू लागले की डोकं एकाची फाइल अर्धवट सोडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असं धावत राहतं. वेळ वाचण्यात जातच नाही, धावण्यात जातो. आणि त्या रांगेत शेवटी तुम्ही उभे असता, ब्राउझरवर क्लिक करून. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिला डोकं हलवायचंच नसतं. ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. त्यामुळे तीच पंधरा प्रोग्रॅम्सची यादी एसएसडीवर फारशी जाणवतही नाही.

म्हणून ‘किती फरक पडेल’ याचं उत्तर तुमच्या डिस्कवर अवलंबून आहे. हार्ड डिस्क असेल तर यादी निम्मी केल्यावर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मशीनमध्ये तिसरा आकडा निम्म्याच्या आसपास आलाय. एसएसडी असेल तर काही सेकंदच वाचतील. तरीही रॅम ४ जीबी असेल तर यादी आवरणं एसएसडीवरही उपयोगाचं ठरतं, कारण मागे उघडं राहिलेलं प्रत्येक ॲप दिवसभर रॅम अडवून बसतं.

आता यादी. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरला ‘स्टार्टअप’ टॅब आहे, विंडोज ११ मध्ये डाव्या बाजूला ‘स्टार्टअप ॲप्स’. तिथला ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हा रकाना उपयोगी आहे, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं की शिक्का बसतो ‘हाय’. म्हणजे ४ एमबीवाला आणि ४०० एमबीवाला दोघेही ‘हाय’च. खरा फरक बघायचा तर रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि ‘डिस्क आय-ओ ॲट स्टार्टअप’ (आय-ओ म्हणजे वाचन-लेखन) व ‘सीपीयू ॲट स्टार्टअप’ हे दोन रकाने जोडा. त्याच यादीत ‘कमांड लाइन’ही आहे, तोही घ्या, पुढे लागेल. हार्ड डिस्क असताना मी डिस्कच्या आकड्यानेच क्रम लावतो. वरचे चार-पाच निघाले की बहुतेक काम तिथेच झालेलं असतं. तळाच्या ‘लो’वाल्यांच्या मागे लागून काही हाती लागत नाही.

कुठला बंद करायचा? मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: मी बोलावण्याआधी याने जागं असायची गरज आहे का? मीटिंगचं ॲप मीटिंगच्या वेळी उघडेल. गाण्यांचं ॲप गाणं ऐकायचं तेव्हा. गेमचा लाँचर, पीडीएफ रीडरचा मदतनीस, प्रिंटरची ‘शाई संपत आली’ सांगणारी खिडकी, फोन जोडल्यावर उघडणारं सॉफ्टवेअर, या कुणालाच आधी जागं असायची गरज नाही. हे सगळे बिनधास्त बंद करा. बंद करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. आयकॉनवर क्लिक केलं की ते पूर्वीसारखेच उघडतात, आणि प्रिंटर छापायचा थांबत नाही. मेसेजिंग आणि मीटिंगच्या ॲप्सबाबत मात्र त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘लॉगिनबरोबर सुरू व्हा’ ही टिक काढा. नुसतं टास्क मॅनेजरमधून बंद केलं तर काही ॲप्स पुढच्या अपडेटनंतर परत यादीत येऊन बसतात.

काही गोष्टी मात्र न बोलावता जाग्या असाव्याच लागतात. अँटिव्हायरस आणि विंडोज सिक्युरिटी त्यातलीच. टचपॅड, साउंड, ग्राफिक्स अशा हार्डवेअरच्या ओळी मी सहसा हलवत नाही. त्या बहुधा हलक्या असतात आणि बंद केल्या की तुम्हाला आलाय तसाच अनुभव येतो. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही इथेच दिसेल. ते बंद केलं की दुसऱ्या दिवशी कीबोर्ड इंग्रजीच उमटवतो आणि कारण पटकन लक्षात येत नाही. अँटिव्हायरसबद्दल एक महत्त्वाचं: दोन असतील तर एक पूर्ण अनइन्स्टॉल करा. प्रत्येक फाइल दोघांकडून तपासली जाते आणि हार्ड डिस्कवर तो भार फार मोठा असतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, दुसरा अँटिव्हायरस बसवला की आपणहून बाजूला होतो, पण बाहेरचे दोन एकमेकांना जागा देत नाहीत.

क्लाउड सिंकबद्दल जरा थांबून सांगतो, कारण यात माझ्या हातून चूक झाली आहे. एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर सिंकचं ॲप डिस्कच्या यादीत सर्वांत वर होतं. मी ते बंद केलं, लॅपटॉप चटकन सुरू होऊ लागला, ते खूश होऊन गेले. सुमारे तीन आठवड्यांनी डिस्क गेली. क्लाउडवर सगळं असेल म्हणून आम्ही निर्धास्त होतो. उघडून पाहिलं तर शेवटची फाइल मी लॅपटॉप परत दिला त्या दिवसाची. तीन आठवड्यांच्या प्रश्नपत्रिका आणि गुणांचे तक्ते गेले. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही, आणि म्हणूनच ते अजून लागून आहे. तेव्हापासून सिंकची ओळ बंद करण्याआधी मी विचारतो: तुमच्या कामाची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर नसेल तर ते चालूच ठेवतो आणि त्याऐवजी सिंक होणारे फोल्डर कमी करतो. त्यानेही भार बराच उतरतो.

ब्राउझर बंद केला तरी मागे चालू राहू शकतो. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि क्रोममध्ये ‘क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा’ अशा अर्थाची सेटिंग आहे, दोन्ही ‘सिस्टिम’ या भागात सापडतात. हार्ड डिस्कवर मी दोन्ही बंद ठेवतो. तसंच विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये ‘रीस्टार्ट ॲप्स’ ही सोय असते. ती चालू असेल तर काल उघडी राहिलेली काही ॲप्स आज आपोआप उघडतात, आणि माणूस स्टार्टअपच्या यादीत त्यांना शोधत बसतो.

यादीत नुसतं ‘प्रोग्रॅम’ असं नाव असलेली, आयकॉन नसलेली ओळ दिसली तर घाबरू नका. ती बहुधा कधीकाळी काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची मागे राहिलेली नोंद असते. कमांड लाइनच्या रकान्यात ती कुठल्या फाइलकडे बोट दाखवते ते दिसेल. अनोळखी नाव असेल तर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ने फाइल गाठा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर कुणाची आहे ते बघा. सही नाही, नाव अर्थहीन आणि फाइल टेम्प फोल्डरमध्ये, असं तिन्ही जुळलं तर नुसतं बंद करून थांबू नका, पूर्ण स्कॅन करा.

बंद करताना एका वेळी तीन-चारच ओळी बंद करा, रीस्टार्ट करा, तिसरा आकडा पुन्हा मोजा, एक दिवस नेहमीचं काम करा. एकदम पंधरा बंद केल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते. बंद केलेल्यांची नावं त्याच कागदावर लिहून ठेवा.

एवढं करूनही काही उरतं. सर्व्हिसेस आणि टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) सुरू होणारे अपडेटर या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन मी वापरतो. त्यात आधी ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ करायचं. पिवळ्या रंगात दिसतात त्या नोंदींची फाइलच आता अस्तित्वात नसते. तिथे टिक काढा, डिलीट करू नका. टिक परत लावता येते. बाहेरच्या कंपनीची एखादी सर्व्हिस हवी तर आहे पण लगेच नको, अशी असेल तर सर्व्हिसेसमध्ये तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करता येतो. मग ती साधारण दोन मिनिटं थांबून सुरू होते. पण तुमच्या पायरीवर याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

क्लीनर घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. तो स्वतःच स्टार्टअपच्या यादीत आणखी एक ओळ बनून बसतो. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढत नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज नव्याने टाकायची वेळ येते. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामं करा हाही सल्ला फिरत असतो. सुरुवातीला कुठल्या फाइल्स लागतात ते विंडोज त्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी आधीच वाचून घेतं. ते पुसलं की पुढच्या काही सुरुवाती उलट जड होतात. एमएसकॉन्फिगमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ वाढवायला सांगतात तेही सोडून द्या. ती सोय चाचणीसाठी प्रोसेसर कमी करायला आहे. एरवी विंडोज सगळे वापरतंच.

नवा लॅपटॉप? सहा वर्षांच्या मशीनला ८ जीबी रॅम असेल आणि प्रोसेसर ठीक असेल, तर मी आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकेन. त्या ताईंच्या लॅपटॉपचा तिसरा आकडा यादी आवरल्यावर सात मिनिटांवरून साडेतीनवर आला, आणि एसएसडी टाकल्यावर पंचवीस सेकंदांवर. लॅपटॉप तोच, विंडोज तेच. बदलण्याआधी दोन गोष्टी मात्र कराच: सगळ्या फाइल्सची बाहेर एक प्रत, आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, रिकव्हरी की लिहून ठेवा. डिस्क बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि नसेल तर डेटा बंद कुलपात राहतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात घ्या. मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ ॲपने तपासा, म्हणजे एसएसडीवर खर्च करावा की नाही ते ठरवता येईल.

आत्ता एवढंच करा: नॉर्मल स्टार्टअप, रीस्टार्ट, तिन्ही आकडे, आणि डिस्कच्या क्रमाने लावलेल्या यादीतली वरची सात-आठ नावं मला कळवा. सोबत ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ चालवून डिस्कची तब्येत निळ्या ‘गुड’मध्ये आहे की पिवळ्या ‘कॉशन’मध्ये, ते सांगा. पिवळी असेल तर स्टार्टअपची यादी, मोजणी, सगळं बाजूला ठेवा आणि आधी फाइल्सची कॉपी काढा.